आधीं निदान, मग औषध

गेल्या मे महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें भांडण झालें. कारण क्षुल्लक होतें. पण त्यांतून जें निष्पन्न झालें तें पुष्कळ घरांस उपयोगी पडण्याजोगें वाटल्यामुळें या वेळचें सदर त्यालाच देत आहें.

माझा पंधरा वर्षांचा नातू सुटींत घरच्या संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळतो. "आजोबा, दहा मिनिटें खेळ ठीक चालतो आणि मग अडखळूं लागतो, नवें ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय गत्यंतर नाहीं," असें त्याचें म्हणणें. दुकानदारानें किंमत सांगितली तीस हजार रुपये. मुलाचे वडील रुकार देण्याच्या बेतांत होते. खेळच बंद करावा, असें सूनबाईंचें मत पडलें. मीं तर सर्वांसमक्ष बोलून गेलों कीं, नव्या वस्तूच्या हव्यासानें मुलगा निमित्तें शोधीत आहे. मुलगा कांहीं बोलला नाहीं. उठून आंत गेला. आम्हां तिघांचाही निकाल तयार होता. पुरावा मात्र एकानेंही पाहिला नव्हता.

आपल्या वैद्यकशास्त्रांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांतील उपशय मोठा मार्मिक आहे. रोगाचें स्वरूप स्पष्ट होत नसेल तेव्हां एखादें औषध, अन्न किंवा विहार योजून पाहावा आणि आराम पडतो कीं त्रास वाढतो, यावरून रोग कोणता तें ठरवावें. रात्रीं हा विचार मनांत आला आणि वाटलें, यंत्रालाही हीच पद्धति लावून कां पाहूं नये? सकाळीं नातवाला हाक मारली, एक कोरी वही घेतली आणि दोघेही संगणकापुढें बसलों.

प्रथम खेळाच्या यंत्राचें काम काय, तें समजून घेतलें पाहिजे. बोलपटांत दर सेकंदास २४ चित्रें डोळ्यांपुढून सरकतात; परंतु तीं आधींच तयार असतात. खेळांत पुढचें चित्र खेळाडूच्या हातावर अवलंबून असल्यानें प्रत्येक चित्र त्या क्षणींच काढावें लागतें. साधा मॉनिटर सेकंदास ६० चित्रें दाखवितो. म्हणजे एका चित्रासाठीं वेळ मिळतो सुमारें १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यांत प्रोसेसर गाडी कोठें आहे, कशावर आदळली, याचा हिशेब करतो आणि ग्राफिक्स कार्ड त्या हिशेबाबरहुकूम चित्र रंगवितें. पंगतींत आचारी आणि वाढपी असतात तसेच हे दोघे. आचाऱ्याचा हात मंद असेल तर वाढपी वाढवून काय उपयोग? आणि वाढपी अपुरे असतील तर नवा आचारी आणून तरी काय होणार? पंगत चालते ती दोघांतल्या मंदाच्या गतीनें.

पहिला प्रश्न लक्षणाचा. "खेळ हळू चालतो" या एका वाक्यांत तीन निरनिराळीं दुखणीं दडलेलीं असतात. चित्रें सतत कमी निघत असतील, तर तें एक. खेळ एरवीं सुरळीत चालून मधूनच क्षणभर थबकत असेल, तर रॅम अपुरी आहे किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क मागें पडते, असा संशय घ्यावा. आणि चित्र गुळगुळीत असूनही इंटरनेटवरील प्रतिस्पर्धी उड्या मारल्यासारखे दिसत असतील, तर बहुधा दोष यंत्राचा नसून जोडणीचा आहे. तेथें कार्ड बदलून फरक पडत नाहीं. वाय-फायऐवजीं तार जोडून पाहावी.

दुसरी गोष्ट, आकडा पाहिल्याशिवाय बोलूं नये. पुष्कळ खेळांच्या सेटिंग्जमध्यें सेकंदास किती चित्रें निघतात हें पडद्यावर दाखविण्याची सोय असते. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत प्रोसेसर, रॅम, डिस्क व ग्राफिक्स यांवर किती भार आहे तें कळतें. एकच सावधगिरी ठेवावी. प्रोसेसरचा एकूण भार थोडा दिसला, तरी त्याच्या अनेक गाभ्यांपैकीं एखादा पूर्ण दमलेला असूं शकतो.

आतां उपशय. खेळाचें रेझोल्यूशन, म्हणजे चित्रांतील ठिपक्यांची संख्या, कमी करून पाहावी. १९२० गुणिले १०८० या मापांत २०,७३,६०० ठिपके असतात, तर १२८० गुणिले ७२० मध्यें अवघे ९,२१,६००. वाढप्याचें काम निम्म्याहून कमी झालें; आचाऱ्याचें मात्र जवळजवळ तेवढेंच राहिलें. असें करतांच चित्रांचा आकडा चांगला चढला, तर अडचण ग्राफिक्सची. आकडा हलला नाहीं, तर नवें कार्ड आणूनही तो हलण्याचा संभव थोडा. मात्र खेळाच्या सेटिंग्जमध्यें चित्रांच्या संख्येवर मर्यादा घातलेली नाहीं ना, तें आधीं पाहावें.

आम्हीं हें सर्व वहींत टिपलें. आरंभीं चित्रें ६०; दहा मिनिटांनीं २५. अडखळणें सुरू झाल्यावर रेझोल्यूशन उतरविलें, तरीही २५. टास्क मॅनेजरमध्यें प्रोसेसरचा वेग पाहिला, तों चार गिगाहर्ट्झच्या आसपास असलेला आकडा दोनाच्या खालीं आलेला. नातू म्हणाला, "आजोबा, हा थकल्यासारखा वागतोय." थकला नव्हता, तापला होता. प्रोसेसर फार तापला कीं स्वतःस इजा होऊं नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. आरंभीं ठीक आणि मग मंद, हें लक्षण बहुधा उष्णतेचेंच असतें.

मग उष्णतेचें कारण शोधूं लागलों. आमचा संगणक कपाटाच्या खालच्या खणांत होता आणि त्यावर जाड कापडाचा अभ्रा होता. पुढून थंड हवा घ्यावी आणि मागून गरम हवा सोडावी, ही त्याची रचना. येथें दोन्ही वाटा बंद. धूळ बसूं नये म्हणून त्याला त्या खणांत ढकलून वर अभ्रा घालणारा कोण? मीच!

संगणक बाहेर टेबलावर ठेवला. वीज बंद करून तार काढली, बाजूचें झांकण उघडलें आणि पंख्याचीं पातीं बोटानें धरून मऊ ब्रशानें धूळ काढली. अर्धा तास खेळ चालला. आकडा ५८ च्या खालीं गेला नाहीं. नातू आनंदला, पण माझ्यांतील मास्तर स्वस्थ बसेना. दोन उपाय एकदम केले, मग गुण कोणाचा? न्यायशास्त्रांत ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तो पाहिला पाहिजे. स्वच्छ केलेला संगणक पुन्हां खणांत ठेवून वर अभ्रा घातला. दहा मिनिटांत आकडा २८. पुन्हां बाहेर काढला, ६०. धुळीचा वांटा थोडा, अभ्र्याचा फार, हें सिद्ध झालें.

प्रत्येक घरीं अभ्राच गुन्हेगार असेल असें नाहीं. म्हणून खर्चापूर्वीं आणखी कांहीं गोष्टी पाहाव्या. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डास न लावतां चुकून शेजारच्या मूळ बोर्डाच्या खांचेंत लावलेली असते. मग महागाचें कार्ड नुसतें बसून राहतें. लॅपटॉप चार्जर न लावतां चालविला तर पुष्कळदां वेग राखून वापरतो. मॉनिटर १४४ चित्रांचा असूनही सेटिंग्जमध्यें ६० वरच राहिलेला असतो. जेथें स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाहीं तेथें चित्रकामही रॅममधूनच चालतें; अशा यंत्रांत एका पट्टीऐवजीं दोन जुळ्या पट्ट्या योग्य खांचांत बसविल्यास पुष्कळ फरक पडतो. मागें गुपचूप चालणारे कार्यक्रम बंद करावे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत् करावा. मात्र एका वेळीं एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. एकदम पांच औषधें घेणाऱ्यास गुण आला तरी कशानें आला हें कळत नाहीं. हें सर्व करूनही कार्डच अपुरें ठरलें, तर खुशाल घ्यावें. तो खर्च मग हव्यास ठरत नाहीं.

असो. तीस हजार रुपये वांचले याचा आनंद आहेच. पण माझ्या मनाला लागून राहिली ती निराळी गोष्ट. मुलगा औषध चुकीचें सांगत होता, पण दुखणें खरें सांगत होता. आम्हीं मोठ्यांनीं औषध पटेना म्हणून दुखणेंच खोटें ठरविलें. खेळावें किती, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो सूनबाई स्वतंत्रपणें सोडवीत आहेत. पण त्या प्रश्नाचा राग या तक्रारीवर काढण्याचें कारण नव्हतें. त्या रात्रीं जेवणाच्या वेळीं, ज्या मंडळींसमक्ष मीं त्याला बोललों होतों त्यांच्याच समक्ष, चूक माझी होती असें सांगितलें. नातू खालीं मान घालून भात कालवीत होता. थोड्या वेळानें म्हणाला, "आजोबा, तो अभ्रा आतां कशाला घालायचा?"

तो सध्यां माझ्या हार्मोनियमवर आहे.