पोट फुगलं की दोष दारूला, सुई मात्र मोकळी

आपल्याकडे कुणाचं पोट फुगलं, पाणी भरलं, की गावाचा निकाल ठरलेला: "मोहाच्या दारूनं लिव्हर खाल्लं." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण थेंबही न घेणाऱ्या बाईचं पोट फुगतं, तेव्हा काय म्हणायचं?

तेव्हा हिपॅटायटिस सी ची तपासणी व्हायलाच हवी. हा विषाणू रक्तातून पसरतो. बोगस डॉक्टरनं एकच सुई चौघांना टोचली, जत्रेत एकाच सुईनं सगळ्यांचं गोंदण झालं, दाढीचं ब्लेड एकमेकांचं वापरलं, की झालं. रक्तपेढ्यांत याची तपासणी देशात २००१ पासून सक्तीची झाली. त्याआधी ज्यांना रक्त चढवलं, त्यांनी एकदा तरी तपासून घ्यावं. सोबत जेवल्यानं, शिवल्यानं तो पसरत नाही. रुग्णाला दूर बसवू नका.

कावीळ म्हटलं की आपण पुजाऱ्याकडून मुळी आणतो. गढूळ पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, नाव मुळीचं होतं. सी मध्ये बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. लागण झालेल्या शंभरातले तीसेक जण सहा महिन्यांत आपोआप बरे होतात. बाकीच्यांच्या अंगात तो मुरतो. त्यांच्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांत सिरोसिस होतो, पुढं कॅन्सरचीही भीती. त्यात दारू असेल तर हे सगळं आणखी लवकर.

यावर लस नाही, पण औषध आहे. बहुतेकांना १२ आठवडे रोज गोळ्या, आणि शंभरातले ९५ हून जास्त बरे. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत.

पण मजुरी बुडवून, दीडशे किलोमीटरहून लांब गडचिरोलीला, काहीच दुखत नसताना कोण जाणार? म्हणून मागणी साधी आहे. सिकलसेलच्या शिबिरातच सी ची किटवरची चाचणी करा. पॉझिटिव्ह आला तर पुढच्या तपासणीला माणूस नको, रक्ताचा नमुना पाठवा. गोळ्या भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयात द्या, पावसाळ्याचा साठा आधीच ठेवा.

आणि आपणही "डॉक्टर, सुई द्या ना" हा हट्ट सोडू. सुई घ्यावीच लागली, तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. त्यात लाज कसली?