रंगाचे मोल

बेल्लमपल्लीच्या भूमीत कोळसा आहे. त्याचा भाव उष्मांकावर ठरतो, काळेपणावर नव्हे. रत्नांचा न्याय निराळा आहे.

पुण्याजवळील पाषाणच्या खाणींत व राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यास, काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अ‍ॅपोफिलाइट नावाचे स्फटिक सापडले आहेत. जवाहिऱ्याच्या पेढीवर हे नाव क्वचितच ऐकू येते. कारण त्याचे काठिण्य जेमतेम ४.५ ते ५, अंगठीत बसविल्यास लवकर झिजावयाचे. संग्राहकांस मात्र त्याचे मोठे वेड. रंगहीन स्फटिक विपुल, म्हणून स्वस्त. तोच हिरवागार निघाला की भाव अनेक पटींनी चढतो. हा हिरवेपणा व्हॅनेडियम धातूच्या लेशमात्र अंशाचा. घडण तीच, काठिण्य तेच. ग्राहक दाम मोजतो तो या लेशासाठी.

आम्ही धान्याचे व्यापारी, रत्नपारखी नव्हे. परंतु तुरीच्या डाळीचा पिवळेपणा पाहून ओंजळ पुढे करणारे गिऱ्हाईक आम्ही जन्मभर पाहिले. आणि त्या पिवळेपणासाठी मेटॅनिल यलो हा निषिद्ध रंग चोळणारेही या धंद्यात निघाले. दगडांच्या बाजारात ओकेनाइटचे पांढरे, लोकरीसारखे गोळे रंगवून विकले जातात. दगड कोणी खात नाही, तेव्हा रंगविण्यास आमची हरकत नाही. न सांगता विकण्यास आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे, तो याचसाठी. पावतीवर ‘रंगविलेला’ हा एक शब्द लिहिण्याची प्रथा जवाहिरी करणाऱ्या आमच्या बंधूंनी पाडावी. भाव उतरेल, उतरू द्यावा.