कूलंट बाटलीतले, पाणी कुठले?

बंगळूरच्या जे. सी. रोडवर, सुट्या भागांच्या दुकानांत, हिरवे, लाल, गुलाबी, निळे असे हव्या त्या रंगाचे कूलंट मिळते. त्याचा कॅन घेऊन रविवारी अपार्टमेंटच्या तळघरात स्वतःच काम उरकणाऱ्या गाडीमालकावर गॅरेजवाल्यांनी चिडू नये. इंजिन पुरते थंड असेल आणि हाताला घाई नसेल, तर हे काम घरी होण्यासारखे आहे. गफलत होते ती पाण्यात, आणि ती गॅरेजमध्येही सर्रास होते.

‘इथे कुठे बर्फ पडतो, कूलंट हवेच कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक मिस्त्रीने ऐकलेला असतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. उघड्या भांड्यातले पाणी इथे ९७ अंशांच्या आसपासच उकळते. सिल्क बोर्डच्या चौकात गाडी रांगत असते तेव्हा रेडिएटरला वाऱ्याची साथ नसते, सगळी भिस्त पंख्यावर. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल उत्कलनबिंदू वर नेते, रेडिएटर कॅपचा दाब तो आणखी चढवतो आणि गंजरोधक रसायने अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि सिलिंडर हेड सांभाळतात. नुसत्या पाण्यात यातला फक्त कॅपचा दाब उरतो.

शहराजवळच्या बिडदीत डिसेंबर १९९९ मध्ये टोयोटा किर्लोस्करची क्वालिस तयार होऊ लागली. टोयोटाचे गुलाबी सुपर लाँग लाइफ कूलंट अर्धे कूलंट आणि अर्धे खनिजमुक्त पाणी असे तयार मिश्रण म्हणून मिळते. कंपनीच्या वेळापत्रकात ते पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटरला आणि नंतर दर ८०,००० किलोमीटरला बदलायचे असते. जपानी कंपन्या वॉटर पंपाच्या सीलची काळजी म्हणून सिलिकेट टाळतात आणि फॉस्फेट वापरतात. युरोपात बरोबर उलटे: तिथले पाणी जड, त्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटची गाठ पडली की पांढरा साका बसतो, म्हणून तिथे फॉस्फेट नको म्हणतात. आता हेच जपानी पद्धतीचे कूलंट बंगळूरच्या बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात मिसळले तर काय होईल? रेडिएटरच्या नळ्या आधीच अरुंद असतात, त्यात हा थर.

पिण्याचे पाणी तरी चालेल ना, असे ग्राहक विचारतो. नाही चालणार. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे. कूलंटसाठीच्या एएसटीएम डी ३३०६ या अमेरिकी मानकात पाण्यासाठी मर्यादा ४० आहे. माणसाच्या पोटाला चालते ते अ‍ॅल्युमिनियमला खाते. तेव्हा बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे खनिजमुक्त, पाणीच.

दुसरी चूक हिशेबाची. समजा गाडीत एकूण सात लिटर बसते. साध्या पाण्याने फ्लश केले, ड्रेन कॉक उघडला, चार लिटर बाहेर आले. उरलेले तीन लिटर पाणी इंजिन ब्लॉकमध्येच राहते. वरून चार लिटर तयार मिश्रण ओतले, की आत खरे कूलंट फक्त दोन लिटर, म्हणजे २९ टक्क्यांच्या आसपास. ग्राहक मात्र पन्नास-पन्नासच्या भरवशावर निघतो. अशा वेळी आधी साडेतीन लिटर काँसन्ट्रेट ओतावे, मग जागा राहील तेवढे डीएम पाणी. शेवटचा फ्लशही डीएम पाण्याचाच हवा, नाहीतर ब्लॉकमध्ये अडकलेले पाणी बोअरचेच. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला की प्रमाणाची खात्री पटते.

हीटरचेही असेच. बंगळूरच्या हवेत तो वर्षानुवर्षे कुणी लावत नाही. हीटर व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या गाड्यांत तो व्हॉल्व्ह बंद राहिला तर हीटरच्या आतले जुने कूलंट तसेच राहते. म्हणून नॉब पूर्ण गरमवर ठेवूनच निचरा करावा. भरताना वरचा होज पाइप हाताने दाबत राहावे, बुडबुडे निघतात. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवावे, गाडी थंड झाली की पातळी पाहून भर घालावी. तापलेल्या रेडिएटरची कॅप मात्र कोणत्याही सबबीवर उघडू नये.

आणि निघालेले कूलंट? ते तळघरातल्या जाळीत ओतले की राजकालुवे म्हणजे पावसाळी नाल्यांतून तळ्यांकडे जाते. ग्लायकॉल कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, आणि शहरातल्या बेळ्ळंदूर तळ्याने फेस आणि आग दोन्ही पाहिली आहेत. शिवाय ग्लायकॉल चवीला गोड, पण प्राणघातक. तळघरात फिरणारी कुत्री-मांजरे ते चाटतात. लहान मूलही चाटू शकते. गॅरेजवाल्यांनी घरी काम करणाऱ्यांचे जुने कूलंट पैसे न घेता स्वीकारावे, जळक्या ऑइलमध्ये न मिसळता वेगळ्या झाकणबंद पिंपात ठेवावे, पिंपावर ‘विष’ असे मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत लिहावे.