पान बदला, खोड ठेवा

काकांचा जुना ड्रमसेट दुरुस्त करायचा की विकून मोकळं व्हायचं, हा वाशीमच्या आमच्या घरात दिवाळीपासून चाललेला वाद अखेर मिटला. जुनी वाद्यं अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहेत, म्हणून तो कसा मिटला ते सविस्तर लिहितो.

सेट ‘प्रीमियर’चा. ही कंपनी १९२२ साली लंडनमध्ये सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धात लेस्टरला गेली. सत्तरच्या दशकात काका ऑर्केस्ट्रात वाजवत. तेव्हा मुंबईच्या एका वादकाकडून त्यांनी तो वापरलेलाच विकत घेतला होता. काका गेल्यावर त्याला कोणाचा हात लागला नाही. चुलतभावाचं म्हणणं सरळ होतं. “काहाले ठेवतं दादा? वाजवनारं कोनी नाही, जागा अडते. इकून टाक.”

त्याचं चुकत नव्हतं. पण विकायला निघाल्यावर कळलं, की अख्खा सेट कोणालाच नको. भंगारवाल्याची नजर झांजांवर. चांगल्या झांजेत साधारण ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के कथील असतं, म्हणजे ते कासंच. तो वजनावर घ्यायला तयार होता. जुन्या वाद्यांचा धंदा करणाऱ्या एकाला फक्त स्नेअर आणि बिल्ले हवे होते. म्हणजे सुटे भाग विकले तर चार पैसे येतील, पण सेट राहणार नाही.

असा सेट वाशीमसारख्या गावात आलाच कसा? मुंबईत गोव्याच्या आणि पारशी वादकांनी हिंदी चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य तालवाद्यं रुजवली. कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव केर्सी व बुजी, लेस्ली गोदिन्हो, पुढे राहुलदेव बर्मन यांच्याकडे वाजवणारे फ्रँको वाझ, या मंडळींचा ठेका रेडिओवरून घरोघर पोचला. तेच गाणं गावच्या मंचावर तसंच वाजावं, ही लोकांची हौस. प्रमिला दातारांच्या ‘सुनहरी यादें’सारख्या वाद्यवृंदांनी महाराष्ट्रभर ती हौस भागवली, आणि त्यांचं पाहून जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक ऑर्केस्ट्रा उभे राहिले. गणपतीत, नवरात्रात त्यांच्या तारखा मिळत नसत. मग १९८५ मध्ये रोलंड कंपनीचा ऑक्टापॅड आला. पुढे अशा एकाच पेटीत ढोलक, तबला, ड्रम, सगळे आवाज मिळू लागले. जीपमध्ये पाच नग चढवण्यापेक्षा काखेत एक पेटी मारणं सोपं होतं. वादकांनी पोटाचा विचार करून ती घेतली, यात त्यांना दोष देता येणार नाही. पण ड्रमसेट माळ्यावर गेले ते तेव्हापासून.

विकण्याआधी एकदा नीट पाहावं, म्हणून फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर उभा राहणारा मोठा ड्रम, उघडला. स्क्रू गंजले होते, पण तेल सोडून रात्रभर ठेवल्यावर सुटले. कडी निघाली, फाटलेलं पान, म्हणजे वर ताणलेला पडदा, निघालं. आत ड्रमचं खोड, म्हणजे लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले, आणि वर-खाली कडेला आधाराच्या लाकडी रिंगा. ड्रमचा आवाज ज्या कडेवर ठरतो ती, म्हणजे जिथे पान टेकतं ती धार, बोट फिरवून पाहिली. कुठे खाच नाही, वाळवी नाही. सपाट काचेवर उपडा ठेवून आत बॅटरी लावली, तर एका जागेखेरीज उजेडाची रेघ बाहेर आली नाही. वऱ्हाडातला मे महिना लाकडाला सोसत नाही. त्याने बाहेरचं चमकदार प्लास्टिकचं वेष्टन सांध्यावर उचललं गेलं होतं. नुकसान म्हणायचं तर तेवढंच.

अडचण निघाली ती पानांची. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रीमियरचे टॉम ब्रिटिश मापाचे असत. आजच्या नेहमीच्या मापापेक्षा त्यांचा घेर जरासा मोठा. अकोल्याहून आणलेली प्लास्टिकची पानं खोडावर उतरेनात. त्या मापाची पानं परदेशातून मागवता येतात, पण खर्च ऐकून चुलतभाऊ परत ‘इकून टाक’वर आला.

तेव्हा आमच्याकडची डफडी मढवणारे एक मामा आठवले. प्लास्टिकची पानं आली ती पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी जगभरचे ड्रम कातड्यानेच मढवलेले असत. ओलं कातडं गोल रिंगेवर ताणून, कडा आत दुमडून वाळवायचं. डफड्याचं काम याहून फार वेगळं नाही. मामांनी आमच्या टॉमवरच माप घेतलं, त्या मापाची रिंग वळवून घेतली आणि बकऱ्याचं कातडं त्यावर चढवलं. पान खोडावर अचूक उतरलं. पावसाळ्यात ते सैल पडेल, उन्हाळ्यात चढेल, तेव्हा स्क्रू फिरवत राहायचे. मामा म्हणाले, “खोड चांगलं हाये. पान काय, वाजवलं का फाटतेच.”

माझ्या मते सगळा निर्णय या एका वाक्यात आहे. तबल्याची पुडी, ढोलकीची पानं, संबळाचं कातडं आपण पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलो, आणि आजोबांचा तबला आजोबांचाच राहिला. मग ड्रमसेट दुरुस्त करताना ‘मूळपण जाईल’ अशी भीती कशाला? पानं, स्क्रू, पेडलची स्प्रिंग, हे झिजण्यासाठीच असतं, ते खुशाल बदलावं. खोड, त्याची धार, बिल्ला आणि झांजा यांना मात्र उगाच हात लावू नये. नवी भोकं पाडू नयेत, खोडाला रंग देऊ नये, झांजा चिंचेने घासून लखलखीत करू नयेत. जुन्या वाद्याची किंमत अशा हौशी दुरुस्तीने जाते.

किमतीचंही एकदा बोलायला हवं. बीटल्सच्या रिंगो स्टारचा लुडविग सेट २०१५ मध्ये लिलावात वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. ती किंमत लाकडाची नव्हती, रिंगोच्या हातांची होती. आमच्या काकांच्या हातांची किंमत बाजारात कोणी देणार नाही, आणि ती मागायला बाजारात जाऊही नये. त्यांचे हात ज्यांना ठाऊक आहेत ते सगळे याच जिल्ह्यात आहेत.

मग जपायचा तर कुठे? मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. चार मजले, १३ दालनं. त्या दिवशी पंतप्रधानांनी तिथे नंगारा वाजवला, तो साऱ्या देशाने पाहिला. एका समाजाचा इतिहास असा मांडला जाणं फार मोलाचं आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यात झालं याचा मला अभिमान वाटतो. पण नंगारा आज जिवंत आहे तो तांड्यांवर, कारण तो तिथे वाजतो. वाजण्याजोगं वाद्य काचेआड नेण्याची घाई नको, तसंच दिवाणखान्यात शोभेला मांडण्याचीही नको.

शेवटी काकूला विचारलं. तिने एवढे दिवस सगळ्यांचं नुसतं ऐकून घेतलं होतं. ती म्हणाली, “देयाचा असन त वाजवनाऱ्याले द्या. पन अर्धा नाही देयाचा.” त्यावर चुलतभावाचंही काही म्हणणं उरलं नाही.

सेट आता पाचही नगांसह उभा आहे. गावातली चार पोरं मिळून गाण्यांचा संच बसवत आहेत, त्यांच्याकडे तो वाजवायला जाईल. मालकी काकूची. पान फाटलं तर त्यांनी मामांकडून मढवून घ्यायचं. पुढेमागे विकायची वेळ आलीच, तर अख्खा विकायचा आणि वाजवणाऱ्यालाच विकायचा. काकांनी तो कोणाबरोबर, कोणत्या गावांत वाजवला, हे काकूला विचारून वहीत उतरवून ठेवलं आहे, ती वहीही सेटबरोबर जाईल.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल, तर वजनकाटा बोलवण्याआधी एक पान उघडून खोडाच्या धारेवर बोट फिरवून पाहा. धार शाबूत असेल तर आधी मढवणारा शोधा, गिऱ्हाईक नंतर.