सगळं हिरवंगार आहे!

त्या समितीत माझं नाव कसं आलं, हे मला अजून कळलेलं नाही. पासबुक छापणारा प्रिंटर मी एकदा दोन थपडा मारून चालू केला होता. तेवढ्या भांडवलावर साहेबांनी माझी गणना संगणकतज्ज्ञांत केली असावी. काम काय, तर बँकेच्या सर्व्हरवर नजर ठेवणारं साधन निवडायचं. सर्व्हर म्हणजे तोच, जो 'डाऊन आहे' असं आम्ही काउंटरवरून तुम्हाला सांगतो आणि चहाला जातो.

पहिल्या बैठकीत पडद्यावर ग्राफाना आलं. काय ते आलेख! निळे, जांभळे, डोंगरदऱ्या, मध्येच घड्याळासारखी तबकडी. साहेब विरघळले. "अध्यक्षांच्या केबिनमध्ये भिंतीवर लावू!" म्हणाले. पुढचा अर्धा तास रंगांवर चर्चा झाली. रात्री दोन वाजता काही बिघडलं तर उठणार कोण, हा प्रश्न सामोशांबरोबर संपला.

माझं भांडण इथेच आहे. ग्राफानाशी नाही, ते बिचारं 2014 पासून इमानानं आलेख काढतंय. भांडण आहे ते साड्या निवडाव्यात तशी साधनं निवडणाऱ्यांशी.

आणि आलेखावर इतका विश्वास कशाला? 1999 साली आलेलं आरआरडीटूल घ्या. कित्येक साधनांनी आलेखांसाठी तेच वापरलं. जागा वाचावी म्हणून ते जुन्या आकड्यांची सहसा सरासरी करून ठेवतं. आता सरासरी काय चीज असते, ते बँकेच्या कारकुनाला शिकवू नका! खात्यात एकोणतीस दिवस शून्य आणि एक दिवस तीन लाख असले, तरी महिन्याची सरासरी दहा हजार. तसंच एक तारखेला अकरा वाजता सर्व्हर तीन मिनिटं गुदमरला, तर वर्षअखेरच्या आलेखात साधं टेंगूळही दिसत नाही. कमाल आकडाही ठेव असं आधी सांगितलं तर तो ठेवतं. पण सांगायला कुणाला सुचलं पाहिजे ना!

आमच्याकडे आधी नागिओस होतं. हे 1999 साली नेटसेंट नावानं जन्मलं, पुढे नावावरून कटकट झाली आणि संतपण सुटलं. साधन वाईट नव्हे; पण आमच्या थोर लोकांनी त्याला जरा खुट्ट झालं की ओरडायला शिकवलं. संगणक विभागातल्या पोराच्या फोनवर रात्रभर शंभर-दीडशे संदेश. पोरगं नवीन लग्न झालेलं. महिनाभरानं त्यानं फोनचा आवाज बंद केला. मीही केला असता. तुम्हीही केला असता.

नेमक्या एका एकतीस तारखेच्या रात्री डिस्क भरली. सकाळी पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत, व्यवहार एक होईना, आणि साहेबांच्या पडद्यावर सगळं हिरवंगार! कारण तिथे फक्त पिंग करून 'जिवंत आहेस का?' एवढंच विचारत होते. होता की जिवंत! जिवंत तर काउंटरवर मीही असतो. मस्टरवर सही आहे म्हणजे काम चाललंय असं नव्हे, हे वीस वर्षांच्या स्वानुभवानं सांगतो. रांगेतली एक आजी म्हणाली, "बाळा, औषधं संपलीत रे." तिला मी कोणता आलेख दाखवू?

मेमो मात्र पोराला मिळाला.

म्हणून पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हटलं, विक्रेत्याला रंग विचारू नका. तुमचं साधन कोणाला उठवणार आणि उठून त्यानं करायचं काय, ते विचारा. करण्यासारखं काही नसेल तर झोपू द्या की माणसाला! हे जमतं. 2012 साली सुरू झालेल्या प्रोमिथियसला सांगता येतं, की बिघाड पाच मिनिटं टिकला तरच ओरड. डिस्क याच वेगानं भरली तर चार तासांत संपेल, हेही त्याला आधी हेरता येतं. त्याच्या जोडीचा अलर्टमॅनेजर पन्नास बोंबांची एक बोंब करून पाठवतो. पण हे नियम लिहायला बसावं लागतं, आणि ते पोरालाच विचारून लिहावे लागतात. शिवाय पासबुक भरतंय का, पैसे निघतायत का, हे दर मिनिटाला आजीच्या बाजूनं तपासलं पाहिजे.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "अहो, सगळं ठीक. पण टीव्ही किती इंची घ्यायचा?"

पंचावन्न इंची ठरला. इतिवृत्त लिहायचं काम मात्र माझ्याकडे होतं. टीव्हीच्या ठरावाखालीच 'सदर मेमो मागे घ्यावा, अशी एका सदस्याची मागणी' असं लिहून मी सर्वांच्या सह्या घेतल्या. न वाचता केल्या सगळ्यांनी.