काठावरचा मास्तर

दिवाळी आली की घरोघर दोन गोष्टी हमखास येतात : फराळाची ताटे आणि वसतिगृहातून परतलेली मुले. चकली मोडता मोडता त्यांना विचारावे, ‘काय रे, काय शिकतोस?’ तर पुष्कळांकडून उत्तर येते, ‘कॉम्प्युटर.’ मग वडीलमंडळींचे पुढचे प्रश्न ठरलेले. फी किती? मेस कशी आहे? नोकरी लागते ना, आणि पगार काय देतात? एक प्रश्न मात्र कुणी विचारीत नाही : बाबा रे, तुला हे शिकवतो कोण? आणि त्याने स्वतः हे काम कधी केले आहे काय?

पूर्वी विहिरीवर पोहायला शिकवणारे काका असत. पाठीला सुका भोपळा बांधून ते पोरांना पाण्यात ढकलीत. पण त्याआधी स्वतः उडी मारून खाली उभे असत. काठावर बसून हातपाय कसे मारावेत यावर व्याख्यान देणाऱ्याच्या हाती आपण आपले पोर दिले असते काय? वैद्यकीय कॉलेजातला प्राध्यापक सकाळी वॉर्डात रोगी पाहतो आणि मग वर्गात येतो. कायद्याच्या कॉलेजात कोर्टातून आलेले वकील शिकवत आले. संगणकाच्या बाबतीत मात्र पुष्कळदा असे घडते की, मुलगा बी.टेक. होतो, एम.टेक. होतो आणि पुढच्या जूनमध्ये त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहतो. मधे पाण्याचा थेंब नाही!

यात त्या तरुणाचा दोष नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. नेमणुकीचे नियम पदवी मागतात, बढतीचे नियम शोधनिबंध मागतात. ‘तू केलेले काही कुणी वापरते का?’ असे त्याला कुणीच विचारीत नाही. शिवाय चांगला अनुभवी इंजिनिअर पुण्यात महिन्याला जे मिळवतो, ते सोडून तो तासिका तत्त्वावर शिकवायला कशाला येईल? आणि तेही चंद्रपूर-गडचिरोलीला!

पण असा एक वेडा मला गेल्या उन्हाळ्यात चंद्रपुरातच भेटला. गडचिरोलीकडचा शेतकऱ्याचा मुलगा. चार वर्षे पुण्याच्या एका कंपनीत होता. आईवडील थकले म्हणून परतला आणि कॉलेजात शिकवू लागला. नाव सांगत नाही, कारण त्यालाच ते आवडणार नाही. बाहेर ऊन असे की चिमण्यासुद्धा गप्प. त्याच्या वर्गात मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

त्याने फळ्यावर काही लिहिले नाही. म्हणाला, ‘ताडोबात वाघ मोजायचेत. वाटेवर कॅमेरा लावला, वाघ गेला, फोटो निघाला. हा कालचाच वाघ की दुसरा, हे यंत्रानं कसं ओळखायचं?’

‘पट्टे ताडून, सर!’

‘बरोबर. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. मग वाटेवर कॅमेरे किती लावाल?’

‘एक!’ साऱ्या वर्गाने एका सुरात सांगितले.

मास्तर हसले. ‘अरे, वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. जाताना डावी बाजू दिसली, येताना उजवी, की तुमच्या हिशेबात एकाचे दोन वाघ!’ म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. बरे, कॅमेऱ्याला वाघ आला हे कळते कसे? भोवतालच्या मानाने अंगाची ऊब वेगळी असते, तिच्यावरून. पण चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला म्हणजे जमीन, हवा आणि वाघ सारखेच तापतात आणि बिचारे यंत्र गोंधळते. पट्टे ताडण्याची रीत पुस्तकात मिळेल. मे महिना मात्र पुस्तकात नसतो.

तास संपल्यावर चहा घेताना त्याने मला दुसरी गोष्ट सांगितली. गडचिरोली जिल्ह्यात मराठी आहे, गोंडी आणि माडिया आहे; सिरोंच्याकडे तेलुगू आहे, मुलचेऱ्याकडे बंगाली वस्त्या आहेत. कार्यालयातला कारकून यांतली एकच कुठली तरी भाषा जाणणारा. त्यामुळे एखाद्या आजीबाईचे नाव रेशनकार्डावर एक, आधारकार्डावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे होऊन बसते. दोन नावे सारखी आहेत की नाहीत हे पाहण्याचा प्रोग्रॅम पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एका ओळीत लिहितो. अक्षर जुळले नाही की यंत्र म्हणते ‘नाही’, आणि आजीबाईची निराधार योजनेची रक्कम अडकते.

‘मग तुम्ही मुलांना काय शिकवता?’ मी विचारले.

‘यंत्रानं तडकाफडकी नाही म्हणू नये, एवढंच. ही दोन नावं बहुधा एकाच बाईची आहेत, माणसानं एकदा पाहून घ्यावं, असं त्यानं म्हणावं. नोकरीत मी एक शिकलो, साहेब. आपण ज्याला चुकीची नोंद म्हणतो, ती बहुतेक वेळा कुणाची तरी खरी हकीकत असते.’

तसेच भामरागडचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाट बंद, आणि मोबाईलची रेंज तर लहरी पाहुण्यासारखी. तिथल्या आरोग्यसेविकेने केलेली नोंद यंत्राने जपून ठेवली पाहिजे आणि रेंज मिळेल तेव्हा पाठवली पाहिजे. पण पहिल्यांदा पोचली की नाही हे न कळल्याने तीच नोंद दुसऱ्यांदा गेली तर? एका बाळाची दोन बाळे होता कामा नयेत! पुण्याच्या कंपनीत एकदा एकच रक्कम दोनदा वळती झालेली त्याने पाहिली होती आणि ती निस्तरायला रात्रभर जागला होता. त्या एका रात्रीचा धडा आता साठ मुलांना फुकट मिळतो.

हा प्रकार काही नवा नाही. अमेरिकेत ग्रेस हॉपर नावाच्या बाई गणिताच्या प्राध्यापक होत्या. १९४३ साली त्या नौदलात गेल्या, हार्वर्डच्या पहिल्या अवाढव्य गणकयंत्रावर राबल्या, पुढे कारखान्यात शिरल्या आणि माणसाच्या भाषेजवळचे लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आद्य निर्मात्यांत गणल्या गेल्या. व्याख्यानाला जाताना त्या फूटभर लांबीचे तारेचे तुकडे नेत आणि वाटून टाकीत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापते, हे त्या तुकड्यावरून ऐकणाऱ्याच्या हातात येई. यंत्रे लहान का करावी लागतात, हे मग निराळे समजवावे लागत नसे.

आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा देशी संगणक चालू झाला, तेव्हा हा विषय शिकवणारी कॉलेजे इथे नव्हतीच. ज्यांनी तो जोडला, ते जोडता जोडताच शिकले. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे; नागपूरला इंजिनिअर झाले, केरळात सरकारी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात राहिले आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाल्यावर तिथे ‘परम’ महासंगणक उभा केला. तो १९९१ साली जगापुढे आला. विद्यापीठाचे कुलपतीपद त्यांच्याकडे आले ते या साऱ्यानंतर. मुंबईच्या आय.आय.टी.तले दीपक फाटक यांनी तर शिकवता शिकवता बँकांच्या संगणकीकरणाला सल्ला दिला, आणि पुढे देशभरच्या हजारो अध्यापकांनाच दुरून धडे देण्याचा उद्योग आरंभला.

सरकारलाही हे उशिरा का होईना, पटले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ अशी जागा काढली. आपल्या व्यवसायात किमान १५ वर्षे घालवलेल्या जाणत्या माणसाला पीएच.डी. नसली तरी प्राध्यापक म्हणून बोलावता येते. अशी माणसे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतात, तीन वर्षे आणि फार तर चौथे. योजना उत्तम. पण असा मनुष्य पुण्याच्या कॉलेजात ऑफिसातून घरी जाता जाता डोकावेल. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली याच दोन जिल्ह्यांसाठी निघाले. तिथे पोचायला त्याला रात्रभराची गाडी आणि वर एस.टी.!

म्हणून मला वाटते, इकडे उलटी गंगा वाहवावी. जाणता मनुष्य वर्गात येत नसेल, तर मास्तरांनाच कामावर धाडावे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे वीज केंद्र दारात आहे, कोळशाच्या खाणी आहेत, वनखाते आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू आपण विकू लागली. तो हिशेब चोख ठेवणे हे कुठल्याही कंपनीच्या हिशेबाइतकेच कसोटीचे काम आहे. दर पाचसात वर्षांनी मास्तरांनी एखादे वर्ष तिथे काढावे, पगार कॉलेजने चालू ठेवावा, आणि ते वर्ष बढतीत शोधनिबंधाइतके धरावे.

आता कुणी म्हणेल, नुसत्या अनुभवाने मास्तर होतो काय? मुळीच नाही. ‘आमच्या कंपनीत आम्ही असं करीत होतो’ यापलीकडे न जाणारे अनुभवी गृहस्थही मी ऐकले आहेत. त्यांची यंत्रे दहा वर्षांत मोडीत निघतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शिकवणेही. गणित, तर्क, मूळ सिद्धान्त यांना पर्याय नाही. ते पक्के हवेतच. भोपळा बांधणाऱ्या काकांनाही पोहणे समजावून सांगता यावे लागतेच.

पण त्या बाकांवर बसलेली मुले डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यांतल्या कित्येकांच्या घरी उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून वह्या-पुस्तकांचे पैसे उभे राहतात. शहरातल्या मुलाचा मामा नाहीतर शेजारी कंपनीत असतो, जेवताना चार गोष्टी कानावर पडतात. या मुलांना मामा नाही, शेजारी नाही; जो काही आहे तो मास्तर. तोही काठावरचाच निघाला, तर मुलाखतीच्या खोलीत पोराला कळते की आपण चार वर्षे पाणी पाहिलेच नाही.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा इमारत जरूर पाहा, मेसची भाजीही चाखून पाहा. आणि निघता निघता अगदी अदबीने विचारा, ‘सर, आपण केलेलं काही कुणी वापरतं का हो?’ मास्तर रागावले तर दुसरे कॉलेज पाहा. त्यांचा चेहरा खुलला आणि ते खुर्ची पुढे ओढून सांगू लागले, तर फी भरून मोकळे व्हा.