उपवास, साखर आणि सौदी अरबस्तान



गेल्या हरितालिकेला आमच्या घरी जे घडले ते या पानावर सांगण्याचे कारण एवढेच की, ते आपल्यापैकी कोणाच्याही घरी घडू शकते. माझ्या वहिनींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्या दिवशी त्यांनी निर्जळी उपवास धरला, पण साखरेची गोळी मात्र नेहमीप्रमाणे पहाटे घोटभर पाण्याबरोबर घेतली. औषध चुकवू नये असे डॉक्टरांनी सांगितले होते ना! दुपारी चारच्या सुमारास पूजेची तयारी चालू असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. जमलेल्या बायकांपैकी एकीने चक्क हात जोडले. तिला वाटले, वहिनींच्या अंगात आले. शेजारचा मुसलमान मुलगा कुंपणापलीकडून हे पाहत होता. तो धावत आला आणि त्याने साखरेचे पाणी मागितले. "आमच्या अम्मालाही रमझानमध्ये असेच झाले होते," तो म्हणाला. पंधरा मिनिटांत वहिनी ठीक झाल्या, आणि उपवास मोडला म्हणून रडू लागल्या.

माझी भाची गेली पाच वर्षे सौदी अरबस्तानात, रियाधमधील एका इस्पितळात परिचारिका आहे. तिला फोनवर हे सांगितले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "मामा, मामीने उपवासाआधी डॉक्टरांना विचारले होते का?" विचारले नव्हते. आणि खरे सांगायचे तर डॉक्टरांनीही बारा वर्षांत कधी विचारले नव्हते की, बाई, तुम्ही उपवास करता काय?

या एका प्रश्नावर मला आज लिहायचे आहे. त्याआधी शरीरात काय घडते ते थोडे पाहू.

आपल्या पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. १८६९ साली पाउल लांगरहान्स या तरुण जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकातून तिच्यात पेशींचे छोटे छोटे वेगळे पुंजके दिसले. पुढे त्यांना 'लांगरहान्सची बेटे' असे नाव पडले. आपण बेटावर राहणाऱ्या माणसांनी हे नाव विसरू नये. या बेटांतून दोन संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन, रक्तात जातात. जेवल्यावर इन्सुलिन निघते. ते स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना साखर आत घ्यायला लावते आणि उरलेली यकृतात साठवायला सांगते. उपाशी राहिल्यावर इन्सुलिन कमी होते आणि ग्लुकागॉन वाढते. ते यकृताला सांगते, 'आता कोठार उघड.' हे कोठार फार मोठे नाही, साधारण एका दिवसाचे. पुढे शरीर चरबी जाळू लागते. निरोगी माणसाचा उपवास असा बिनबोभाट पार पडतो. त्याला त्यातले काही कळतही नाही.

मधुमेहात ही देवघेव बिघडते. एका प्रकारात शरीर स्वतःच ही इन्सुलिन करणारी बेटे नष्ट करते. तो बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी होतो आणि त्यात इन्सुलिनच्या सुईला पर्याय नाही. दुसऱ्या, आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण पेशी त्याचे ऐकत नाहीत, आणि मग बेटेही थकत जातात. त्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या स्वादुपिंडाकडून जबरदस्तीने इन्सुलिन काढून घेतात. तुम्ही जेवलात की नाही याच्याशी त्या गोळीला काही देणेघेणे नसते. रिकाम्या पोटी ती आपले काम करतच राहते. साखर खाली घसरते, तेव्हा अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलीन सोडते. घाम, थरथर, छातीची धडधड ही सारी त्याचीच हाक. ती कोणी ऐकली नाही तर मेंदू उपाशी पडतो आणि माणूस बरळू लागतो. वहिनींच्या 'अंगात आले' ते हे.

उलटी चूकही तितकीच घातक आहे. उपवास आहे म्हणून काही जण इन्सुलिनची सुईच घेत नाहीत. पहिल्या प्रकारच्या रुग्णाने असे केले तर चरबी बेसुमार जळते, रक्त आम्ल होते आणि एकदोन दिवसांत जीव धोक्यात येतो. न जेवणाऱ्यालाही थोडे इन्सुलिन लागतेच, ही गोष्ट कितीतरी घरांत माहीत नाही.

आता सौदी अरबस्तानाकडे वळू. तेथे मधुमेह आपल्यासारखाच बोकाळला आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ३० ते ७० वयाच्या लोकांत त्याचे प्रमाण २३.७ टक्के आढळले. आपल्या मॉरिशसमध्ये दर पाच प्रौढांमागे सुमारे एक. ते तेलाचे राष्ट्र, आपले उसाचे बेट. पण एकदोन पिढ्यांत पायी चालणारी माणसे मोटारीत बसली आणि गोड पेये घरोघरी आली, हे दोन्हीकडे सारखेच. (दोन्ही सरकारांनी त्या पेयांवर करही बसवला, आपण २०१३ मध्ये, त्यांनी २०१७ मध्ये.)

तेथे वर्षातून एक पूर्ण महिना रोजा असतो. रियाधच्या उन्हाळ्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत सुमारे १५ तास, पाण्याचा थेंबही न घेता. आजाऱ्याला रोज्यातून सूट कुराणानेच दिली आहे. तरीही माणसे ऐकतात थोडीच! २००१ साली सौदी अरबस्तान आणि भारतासह १३ देशांत 'एपिडायर' नावाची पाहणी झाली, बारा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांची. त्यात दिसले की पहिल्या प्रकारचे ४३ टक्के आणि दुसऱ्या प्रकारचे ७९ टक्के रुग्ण महिन्यातले निदान पंधरा दिवस रोजा धरतात. आणि साखर धोकादायकरीत्या घसरण्याच्या घटना त्या महिन्यात पहिल्या प्रकारात ४.७ पट, तर दुसऱ्या प्रकारात ७.५ पट झाल्या होत्या.

यावर तिकडच्या डॉक्टरांनी काय केले असेल? 'उपवास सोडा' एवढेच सांगून ते थांबले नाहीत, कारण ते कोणी ऐकणार नाही हे पाहणीनेच दाखवले होते. त्यांनी धर्मपंडितांना बरोबर घेतले. इस्लामी राष्ट्रांच्या फिक्ह अकादमीचे मुख्यालय जेद्दाला आहे. तिने १९९७ साली औषधे आणि रोजा या विषयावर निर्णय दिला की, पोषणासाठी नसलेली इंजेक्शने घेतल्याने आणि तपासणीसाठी रक्त काढल्याने रोजा मोडत नाही. म्हणजे इन्सुलिनची सुई चालते, बोटाला टोचून साखर पाहणेही चालते. २००९ साली शारजाच्या अधिवेशनात याच अकादमीने वैद्यांशी विचारविनिमय करून मधुमेहींचे धोक्यानुसार चार वर्ग केले आणि कोणी रोजा धरू नये ते स्पष्ट सांगितले. हे काम एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या मौलवीला जमणारे नव्हते.

भाची सांगते, रमझानच्या सहा ते आठ आठवडे आधी मधुमेही रुग्णाला बोलावून घेतात. पूर्वी साखर कधी घसरली होती का, मूत्रपिंड कसे आहे, एकटा राहतो का, असे सारे विचारतात. सकाळच्या मोठ्या मात्रेची वेळ इफ्तारवर नेतात, काही गोळ्या बदलतात, आणि कागदावर दोन आकडे लिहून देतात. साखर ७० च्या खाली गेली (आपल्या मापात ३.९) किंवा ३०० च्या वर गेली (१६.६) तर त्या क्षणी रोजा सोडायचा, सूर्यास्ताची वाट पाहायची नाही.

तेथे आणखी एक गोष्ट पाहिली गेली आहे. रमझानमध्ये तेथील लोक रात्रभर जागतात आणि दिवसा झोपतात. कॉर्टिसॉल हे संप्रेरक एरवी सकाळी चढलेले आणि संध्याकाळी उतरलेले असते. जेद्दाच्या किंग अब्दुलअझीझ विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की, त्या महिन्यात निरोगी तरुणांतही हा चढउतार जवळजवळ नाहीसा होतो. कॉर्टिसॉल साखर वाढवते. महाशिवरात्रीला गंगा तलावाची वाट चालत, रात्र जागवत, उपाशीपोटी जाणाऱ्या आपल्या मधुमेही भाविकांनी हे ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, परधर्मीयांकडून उपवास काय शिकायचा? त्याला मी इन्सुलिनचीच गोष्ट सांगेन. १९२२ साली टोरांटोत पहिल्या रुग्णाला ते टोचले गेले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे जगभरचे मधुमेही गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगले. इन्सुलिन ५१ घटकांचे बनलेले असते. त्यांपैकी डुकराचे आपल्यापेक्षा एका घटकाने वेगळे, गाईचे तीन घटकांनी. पाठीचा कणा असलेल्या सर्व प्राण्यांत, अगदी माशांतही, ते असते. हिंदू रुग्णाला गाईचे, मुसलमान रुग्णाला डुकराचे घेणे जड गेले असेल, पण त्यांच्या पेशींनी तक्रार केली नाही. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि तो प्रश्न मागे पडला.

आणि आपल्या शास्त्रात तरी काय निराळे आहे? पाणी, फळे, दूध यांच्याबरोबरच औषधानेही व्रतभंग होत नाही, असे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत म्हटले आहे. हे आपल्या किती पुरोहितांनी किती यजमानांना सांगितले? आमच्या वहिनींना साठ वर्षांत कोणी सांगितले नाही. उलट संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत थांबले नाही तर फळ मिळत नाही, हे मात्र दहा जणींनी सांगितले. चंद्रोदयही बहुधा रात्री आठनंतरच. मग पाच मोदक. दिवसभर साखर तळाला आणि रात्री आभाळाला! एकादशीची तऱ्हा दुसरी. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा हे उपवासाचे म्हणून आपण पोटभर खातो, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची साखर भातासारखीच, किंबहुना अधिक झपाट्याने, रक्तात उतरते. एकाच घरात एका उपवासाला साखर घसरते आणि दुसऱ्याला चढते, आणि गोळी दोन्ही दिवशी तीच.

आमच्या घरातील तरुण मंडळी म्हणतात, आजारी माणसाने उपवासच करू नये. मला हे पटत नाही. वहिनींना उपवास बंद करा म्हटले तर त्या आमच्यापासून लपवून करतील, आणि लपवलेला उपवास सर्वांत वाईट. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. विचारायचे काम डॉक्टरांचे, सांगायचे काम पुरोहितांचे, आणि दोघांना एका ठिकाणी आणायचे काम आपल्या मंडळांचे. गणेशोत्सवाच्या सभेत आपण तास तास भाषणे ऐकतो. त्याच्या महिनाभर आधी एका रविवारी मंदिराच्या आवारात एखाद्या डॉक्टरला आणि एका जाणत्या पुरोहिताला शेजारी शेजारी बसवता येणार नाही काय? खर्च चहाचा, आणि तोही बिनसाखरेचा.

भाचीने सांगितल्यावरून वहिनी आता डिस्पेन्सरीत जाऊन आल्या. तेथील नर्सने त्यांच्या वहीत उपवासाचे सारे दिवस लिहून घेतले. डॉक्टरांनी त्या दिवसांची सकाळची गोळी बंद केली, निर्जळी उपवासाला साफ नाही म्हटले आणि दूध-फळांच्या उपवासाला होकार दिला. गेल्या संकष्टीला संध्याकाळी पाच वाजता त्यांनी बोट टोचून पाहिले. आकडा ३.७ आला. चंद्र उगवायला अजून तीन तास होते. त्यांनी देवापुढे दिवा लावला, आधी ग्लासभर साखरपाणी प्यायल्या आणि मग आम्हाला हाक मारली.